लहान भावाच्या गोटीला गाठ लागतेय, सोनोग्राफी लिहून दिलीय, थोडं थांबून केली तर चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लहान भाऊ १९ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय, आंघोळ करताना डाव्या गोटीला, म्हणजे वृषणाला, काहीतरी कडक लागलं, दुखत नाही म्हणून दोन महिने कुणाला बोलला नाही, मग मेडिकलवरनं पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या, फरक पडला नाही, आणि आता चोपड्याच्या डॉक्टरांनी डॉपलरसकट, म्हणजे रक्ताचा प्रवाहही दाखवणारी, सोनोग्राफी लिहून दिली. तुम्ही विचारताय की त्यात करंट लागतो का, पोराची ताकद जाते का, तिथे बाई असते का, आणि केळीची कापणी चालू आहे तर १५-२० दिवसांनी नेलं तर चालेल का. मी रेडिओलॉजिस्ट आहे, २० वर्षांपेक्षा जास्त काळ खान्देशातच सोनोग्राफी करतोय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, १५-२० दिवस थांबू नका, याच आठवड्यात घेऊन जा. तुमच्या भावाला काय आहे हे न बघता मी सांगू शकत नाही आणि कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण १५ ते ४० या वयात गोटीच्या आत न दुखणारी कडक गाठ लागली तर ती कॅन्सर नाही हे नक्की होईपर्यंत कॅन्सर समजूनच तपासायची असा आमचा नियम आहे. आपल्याकडे लोक म्हणतात दुखत नाही म्हणजे काही नाही, पण इथे हा हिशोब उलटा आहे. दुखणारी गोष्ट माणसाला एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे आणते, न दुखणारी मात्र महिनोन्महिने तशीच राहते. आणि या जागेतल्या काही गाठी महिनाभरात दुप्पट होतात, दोन महिने गेलेच आहेत, अजून २० दिवस कशाला घालवायचे. केळीचा घड चार दिवस उशिरा उतरला तर भावात मार बसेल एवढंच.

आता करंटचं. हा प्रश्न मला रोज येतो, एक बाबा तर टेबलावर झोपल्यावर माझा हात धरून विचारत होते, "डॉक्टर, करंट ते नई लागस ना?" नाही लागत. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरणही यात नसतात. सोनोग्राफी म्हणजे फक्त आवाज. आपल्या कानाला सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आम्ही या तपासणीला सेकंदाला साधारण ७० लाख ते दीड कोटी कंपनांचा आवाज वापरतो, तो कुणालाच ऐकू येत नाही, तो आत जातो, प्रत्येक थरावर आपटून परत येतो आणि मशीन त्याचं चित्र बनवतं. ताकद, शुक्राणू, लग्न, मूलबाळ, कशावरही याचा परिणाम होत नाही. गरोदर बाईच्या बाळावर आपण हेच यंत्र फिरवतो, मग जवान पोराला त्याने काय होणार.

तपासणीच्या खोलीत काय होतं ते सांगतो, कारण बरीच पोरं निव्वळ कल्पनेनेच घाबरलेली असतात. उपाशीपोटी यायची गरज नाही, पाणी पिऊन लघवी रोखून धरायचीही गरज नाही, ते पोटाच्या सोनोग्राफीला. आदल्या दिवशी केस काढून या असंही काही नाही, उलट घाईत ब्लेड लागून जखम करून येतात. टेबलावर पाठीवर झोपायचं, पॅन्ट गुडघ्यापर्यंत, मांड्यांमध्ये टॉवेलची घडी ठेवून गोट्यांची पिशवी त्यावर टेकवायची, आणि लिंग वर पोटावर घेऊन त्यावर रुमाल टाकून पेशंटने स्वतःच धरायचं. म्हणजे उघडी राहते ती फक्त तपासायची जागा. मग जेल. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी अशी थंडी असते की बाटलीतलं जेल बर्फासारखं झालेलं असतं, ते तसंच लावलं तर पिशवी आकसून गोटी जांघेकडे चढते आणि तपासणी नीट होत नाही, म्हणून मी बाटली गरम पाण्याच्या मगात ठेवतो, पोरगं घाबरलेलं असेल तर थोडं जेल आधी त्याच्या हातावर लावून दाखवतो. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, हलका फिरवतात, दाबायचं नसतं. १५-२० मिनिटं लागतात. मध्येच खोकायला किंवा जोर लावायला सांगतील, उभं राहायला सांगतील, त्याचं कारण पुढे येईल.

एक गोष्ट मी कधी सोडत नाही आणि कुठल्याही चांगल्या सेंटरमध्ये हेच करतात, तपासणी चांगल्या बाजूने सुरू करायची. तुमच्या भावाची तक्रार डावीकडे आहे म्हणून आधी उजवी बघायची, तिच्यावर मशीनचं सेटिंग लावायचं आणि मग त्याच सेटिंगवर डावी. माणसामाणसात फरक असतो, पण त्याच माणसाची दुसरी गोटी हे सगळ्यात चांगलं माप आहे. मोठ्या माणसाची गोटी साधारण ४ ते ५ सेंटीमीटर लांब असते, स्क्रीनवर सगळीकडे एकसारखी राखाडी दिसते, बारीक रव्यासारखी. त्यात काळा डाग, गाठ, खड्डा काही असेल तर तो लगेच वेगळा दिसतो.

या सगळ्या तपासणीत आम्ही खरं तर दोन गोष्टी शोधत असतो. एक, गाठ गोटीच्या आत आहे की बाहेर. दोन, गोटीला रक्त पोचतंय की नाही. बाकीचं सगळं या दोन प्रश्नांच्या भोवती आहे.

आत की बाहेर हे एवढं महत्त्वाचं का, तर गोटीच्या बाहेर, म्हणजे तिच्या मागच्या नळीत, शिरांमध्ये किंवा भोवतीच्या पाण्यात जे काही सापडतं ते बहुतेक वेळा साधं निघतं. आणि गोटीच्या आत जी भरीव गाठ सापडते ती बहुतेक वेळा कॅन्सरची निघते. हाताला हा फरक कळतोच असं नाही, कधी पिशवीत पाणी भरलेलं असतं तर गोटी हाताला लागतच नाही, पण सोनोग्राफीत आत की बाहेर हे जवळपास नेहमी कळतं. पोरांना जी "गाठ" सापडते ती कितीदा तरी गोटीच्या मागची नळीच असते, एपिडिडिमिस म्हणतात तिला, ती मुळातच तिथे असते, वरच्या टोकाला वाटाण्याएवढी जाड असते आणि पहिल्यांदा हाताला लागली की पोरगं रात्रभर झोपत नाही. किंवा त्या नळीत पाण्याचा फोड असतो, तो आयुष्यभर तसाच राहिला तरी चालतो. अशा पोराला मी स्क्रीन वळवून दाखवतो, बघ, ही गोटी, हे बाहेर, आणि त्याचा चेहरा लगेच बदलतो.

आणि समजा आत निघाली तर? तेही आधीच सांगून ठेवतो म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर गडबडून जाणार नाही. हा कॅन्सर सगळ्यात बऱ्या होणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे, लवकर सापडला तर १०० पैकी ९५ च्या वर माणसं बरी होतात, थोडा पसरलेला असला तरी केमोने बरे होणारे पुष्कळ. युवराज सिंगचं माहीत असेल, २०११ चा वर्ल्ड कप खेळला आणि नंतर छातीत गाठ निघाली, ती याच घराण्यातली, सेमिनोमा नावाची, फक्त जागा छातीतली. २०१२ ला अमेरिकेत इंडियानापोलिसला केमो घेतली आणि त्याच वर्षी परत भारताकडून खेळायला उतरला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर आइनहॉर्न म्हणजे ज्यांनी १९७० च्या दशकात सिसप्लॅटिन नावाचं औषध या कॅन्सरला वापरून आधी मरणारी पोरं जगवून दाखवली तेच. आज हे औषध आपल्याकडे नाशिकला, मुंबईला मिळतं, त्यासाठी अमेरिकेला जायची काही गरज नाही.

गाठ आत निघाली तर पुढची पायरी म्हणजे युरोलॉजिस्टकडे, म्हणजे या भागाच्या सर्जनकडे, जायचं, ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या तीन तपासण्या करायच्या, एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच, आणि मग ऑपरेशन जांघेतून चीर देऊन करतात, पिशवीतून नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण कुणीतरी म्हणेल "सुई टाकून तुकडा काढून बघू". नको. या जागेत सुई टाकायची नसते, पिशवीतून सुई घातली तर पेशी भलत्या वाटेने पसरण्याची भीती असते, शरीरातल्या इतर गाठींसारखा इथे हिशोब नाही. आणि केमो लागणार असेल तर त्याच्या आधी वीर्य गोठवून ठेवायची सोय असते, ती लाजून विचारायची राहून जाते, तुम्ही मोठे भाऊ आहात, तुम्हीच विचारा. एक गोटी काढली तरी दुसरी चांगली असेल तर लग्न, मूल, दाढीमिशी, सगळं होतं.

बरं, आता बाहेरच्या गोष्टी. सगळ्यात जास्त मी जे बघतो ते हायड्रोसिल, आपल्याकडे म्हणतात पाणी भरलं किंवा अंडवृद्धी. गोटीभोवती दोन पापुद्रे असतात त्यांच्यामध्ये पाणी साठतं. वयस्कर माणसं वर्षानुवर्षं एरंडाचं पान गरम करून बांधतात, धोतर आहे तोवर कुणाला दिसत नाही, पार नारळाएवढं झाल्यावर नातू घेऊन येतो. पानाने पाणी आटत नाही, उलट कातडी भाजून आलेले बघितलेत. आणि पाणी सुईने ओढून काढणारे अजून आहेत, ते पंधरा दिवसांत परत भरतं, मध्ये पू किंवा रक्त झालं तर वेगळंच. सोनोग्राफी इथे पाणी मोजायला नसते, पाणी हाताला आणि टॉर्चला पण कळतं, ती असते पाण्याच्या आत लपलेली गोटी नीट आहे ना हे बघायला, कारण कधीकधी गोटीतल्या गाठीमुळेच भोवती पाणी जमतं, विशेषतः जवान माणसाला अचानक पाणी झालं तर. हत्तीरोगातही हायड्रोसिल होतं, विदर्भात ते जास्त आहे, तिकडून कामाला आलेल्या मजुरांमध्ये मी ते बघितलंय. सोनोग्राफीत कधी पिशवीतल्या लसिकेच्या नळीत जिवंत जंतू वळवळताना दिसतो, एकदा बघितला की विसरत नाही.

हर्निया, म्हणजे अंतर्गळ, तोही पिशवीत उतरतो. केळीचे घड उचलणारे, गोण्या वाहणारे यांच्यात रोजचा. खोकायला सांगतो ते यासाठीच, खोकल्यावर आतडं खाली सरकताना स्क्रीनवर दिसतं. फुगा आत ढकलला जात नाही, दुखतोय आणि उलट्या होतायत असं एकत्र आलं तर मात्र थेट ऑपरेशनवाल्या डॉक्टरकडे.

तिसरी गोष्ट व्हेरिकोसिल, म्हणजे गोटीच्या वरच्या शिरा फुगणं, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण यात आपल्या भागात पोरांची फरफट होते. शंभरातल्या साधारण १५ पुरुषांना हे असतं, बहुतेकांचं डावीकडे, कारण डाव्या गोटीची शीर वर जाऊन किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते, तिथे रक्ताचा दाब पडतो आणि ते खाली तुंबतं. उजवीची शीर थेट पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी मिळते म्हणून तिथे कमी. उभं करून जोर लावायला सांगतो तेव्हा रक्त उलटं खाली येताना डॉपलरमध्ये रंग बदलतो, त्यावरून कळतं. आता लष्कर, पोलीस, एसआरपी, सगळ्या भरतीच्या मेडिकलला हे बघतात, आणि धरणगाव, पारोळा, साक्री, शिंदखेड्याकडची पोरं दोन-दोन वर्षं पहाटे पळून पळून शेवटी मेडिकलला "व्हेरिकोसिल, अनफिट" ऐकून रडत माझ्याकडे येतात. त्यांना माझं सांगणं असतं, भरतीचा फॉर्म भरायच्या आधीच एकदा गावातल्या डॉक्टरकडून हाताने तपासून घ्या, त्यांना शंका आली तरच सोनोग्राफी, आणि ऑपरेशन लागलंच तर वेळेत होऊन जाईल. तुमच्या भावाला पण हे लागू आहे.

पण त्याच्या उलटही होतं. हाताला काही लागत नाही, त्रास काही नाही, फक्त डॉपलरमध्ये एखादी शीर अडीच-तीन मिलीमीटरची दिसली की रिपोर्टवर "ग्रेड १ व्हेरिकोसिल" येतं आणि पोराला ऑपरेशन सांगितलं जातं. हाताला न लागणाऱ्या, फक्त मशीनला दिसणाऱ्या शिरांचं ऑपरेशन करून फायदा होत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. लग्न होऊन मूल होत नाही, वीर्य तपासणीत कमी आलंय, आणि शिरा हाताला लागतायत, अशा माणसाला ऑपरेशनचा विचार करायचा. मूल होत नाही अशा पुरुषांपैकी शंभरात ३५-४० जणांना हे सापडतं, म्हणून मी म्हणतो बाईच्या चार वर्षं तपासण्या आणि नवसाच्या खेपा करण्याआधी नवऱ्याची वीर्य तपासणी करा, साधी आणि स्वस्त गोष्ट आहे, पण सासरच्यांना ती सुचतच नाही. अजून एक, चाळिशीनंतर अचानक शिरा फुगल्या, किंवा फक्त उजवीकडेच फुगल्या, किंवा झोपल्यावरही शिरा रिकाम्या होत नाहीत, तर पोटाची सोनोग्राफी पण करून किडनी बघायची, तिथली गाठ शिरेचा रस्ता अडवत असू शकते.

आता दुसरा प्रश्न, रक्त पोचतंय का. तुमच्या भावाचा हा विषय नाही, पण तुमच्या घरात १९ चा एक आहे आणि पुतणे-भाचे असतीलच, म्हणून वाचा. डॉपलर म्हणजे काय, तर भुसावळ स्टेशनात गाडी येताना भोंग्याचा आवाज बारीक येतो आणि पुढे निघून जाताना जाड होतो ना, तसंच आत वाहणाऱ्या रक्तावर आपटून आवाज बदलून परत येतो, १८४२ मध्ये डॉपलर नावाच्या शास्त्रज्ञाने हे मांडलं. मशीन त्या बदलाला रंग देतं, प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. बरेच पेशंट विचारतात निळं म्हणजे खराब रक्त का, तसं काही नाही, फक्त दिशा आहे.

गोटी एका दोरीला लोंबकळत असते, रक्ताच्या नळ्या त्याच दोरीत असतात. काही पोरांची गोटी आत मोकळी असते, घंटेच्या लोळीसारखी, ती कधी झोपेत, कधी पळताना गरकन फिरते आणि दोरीला पीळ बसतो. रक्त बंद. हे १२ ते १८ वयात सगळ्यात जास्त. ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर शंभरातल्या नव्वदच्या वर गोट्या वाचतात, १२ तास झाले की निम्म्या, २४ तास उलटले की दहातली एखादी.

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातला १४ वर्षांचा मुलगा आला. रात्री दोनला दुखून उठला, दोन उलट्या झाल्या, आईला सांगितलं पोट दुखतंय. ती माझ्यासमोर पण तेच म्हणत होती, "मन्हा पोऱ्यानं पोट दुखस." सकाळी गावात गोळी-इंजेक्शन झालं, दुपारी दुसरीकडे पोटाचा एक्स-रे झाला, आणि माझ्याकडे पोटाची सोनोग्राफी लिहून आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले. पोटात काहीच नव्हतं. मी त्याला विचारलं खाली दुखतंय का, तो आईकडे बघून गप्प. आईला बाहेर बसवलं, परत विचारलं, मग मान हलवली. उजव्या गोटीत रंगाचे ठिपके व्यवस्थित लुकलुकत होते, डावी सुजलेली, आडवी झालेली, वर चढलेली, काळपट, आणि रंगाचा एक ठिपका नाही, मी सेटिंग कमीत कमी वेगापर्यंत आणलं तरी नाही. वर दोरीवर प्रोब नेला तर पाण्यात भोवरा पडावा तसे वेटोळे. १५ तास झाले होते. त्याच रात्री ऑपरेशन झालं, डावी काढावी लागली, उजवी टाके घालून जागेवर बसवली म्हणजे तिला पीळ बसणार नाही. ही दुसरी बाजू टाक्याने पक्की करणं फार गरजेचं, ज्याची एक मोकळी त्याची दुसरीही बहुधा मोकळीच असते. तो मुलगा रात्री दोनला खरं बोलला असता, किंवा सकाळी कुणी त्याची चड्डी खाली करून बघितलं असतं तर. पोटात दुखून उलट्या होणाऱ्या प्रत्येक मुलाचं खालीसुद्धा बघायलाच हवं, आणि मुलांना घरात हे सांगून ठेवायला हवं की इथे दुखलं तर अर्ध्या रात्री उठवायचं, कुणी हसणार नाही.

माझ्याही हातून एकदा चूक झालीय, तीही सांगतो कारण ती उपयोगाची आहे. सुरुवातीच्या वर्षांत १६ वर्षांचा एक मुलगा आला, दुपारी जोरात दुखलं, माझ्या टेबलावर आला तोवर दुखणं जवळपास थांबलेलं. डॉपलरमध्ये दोन्हीकडे रक्त दिसलं. मी "नॉर्मल" लिहून पाठवला. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा गोटी गेलेली होती. पीळ बसून आपोआप सुटला होता, आणि परत बसला. तेव्हापासून मी फक्त गोटीत रंग बघून थांबत नाही, दोरी जांघेपर्यंत पूर्ण बघतो, आधी असं कधी दुखून थांबलं होतं का विचारतो, आणि तसं असेल तर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहितो की आत्ता रक्त आहे पण पीळ सुटलेला असू शकतो, सर्जनने बघावं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी परत दुखलं तर परत जायचं, लगेच.

आणि सातपुड्यातल्या अक्राणी, मोलगी, तोरणमाळकडून कुणी वाचत असेल तर, पोराला असं दुखलं की रात्री सोनोग्राफी शोधत फिरू नका. सर्जनला हात लावून पीळ आहे असं वाटलं तर तो सोनोग्राफीविना ऑपरेशन करू शकतो आणि करावंच. १०८ ला फोन करून जिथे रात्री ऑपरेशन होतं तिथे थेट जा. सोनोग्राफीचं मशीन गाडीत घालून पाड्यावर नेता येत नाही, गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळे मशीन नोंदलेल्या जागेलाच बांधलेलं असतं, आणि कायदा त्याच्या जागी योग्यच आहे.

इन्फेक्शनचं थोडक्यात. ताप, लघवीला जळजळ, हळूहळू एक-दोन दिवसांत वाढलेलं दुखणं, आणि डॉपलरमध्ये मागच्या नळीत रंगच रंग, जणू पेटलंय, हे इन्फेक्शन. औषधाने बरं होतं, पण कोर्स पूर्ण करायचा आणि लैंगिक संबंधातून आलेलं असेल तर जोडीदारालाही औषध लागतं. गालफुगी झाल्यावर आठवडाभरात गोटी सुजली तर तेही सांगा, सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे पण गालफुगी नाही त्यामुळे अजून दिसतं. आणि महिनाभर औषध घेऊनही नळी कडकच राहिली, पिशवीला छिद्र पडून पाणी येतंय, तर टीबीचा विचार करा, तिसरं अँटिबायोटिक नको.

मार लागला असेल, मोटरसायकलची टाकी, क्रिकेटचा बॉल, बैलाची लाथ, आणि सूज मोठी असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी, गोटीचं पांढरं आवरण फाटलं असेल तर ते दोन-तीन दिवसांच्या आत शिवावं लागतं.

लहान बाळाची गोटी पिशवीत उतरलेली नाही म्हणून आई-बाप सोनोग्राफीला येतात, त्यांना मी बहुतेकदा परत पाठवतो, त्यात सोनोग्राफीने निर्णय बदलत नाही, सहा महिन्यांपर्यंत उतरली नाही तर मुलांच्या सर्जनला दाखवा, दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हायला हवं. भाऊ, तुमच्या भावाचं लहानपणी असं काही होतं का, ऑपरेशन झालं होतं का, हे आईला विचारून ठेवा, कारण न उतरलेल्या गोटीत पुढे कॅन्सरचं प्रमाण जास्त असतं आणि तपासणाऱ्याला हे माहीत हवं.

बाई असते का, हे राहिलं. असू शकते, आमच्यात लेडी डॉक्टर खूप आहेत आणि त्या ही तपासणी रोज करतात, पण तुमच्या भावाला नको असेल तर फोन करून आधीच विचारा की पुरुष डॉक्टर कधी असतात, त्यात कुणाला राग यायचं कारण नाही. खोलीत डॉक्टरशिवाय मदतनीस असेल तर पुरुष असावा असं सांगता येतं, तुम्ही स्वतः आत थांबू शकता. दारावर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी आणि बाहेर सगळ्या बायका बसलेल्या बघून पोरं परत फिरतात, तसं करू देऊ नका, सोबत आत जा. आधीचे कागद, घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट, दोन्ही न्या. आणि निघायच्या आधी तिथेच उभं राहून रिपोर्ट वाचा, गाठ गोटीच्या आत की बाहेर हे लिहिलंय का, दोन्ही बाजूंची मापं आहेत का, आणि डावी-उजवी बरोबर आहे का. शेवटचं टायपिंगमध्ये चुकू शकतं, आणि ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायचं.